चंद्रकांताने फळ्यावर लिहिलं ते

माहीमला, म्हणजे पालघरच्या माहीमला, आमच्या आळीच्या टोकाला मच्छीमारांची एक छोटी सोसायटी आहे. डिझेल, बर्फ आणि जाळ्याचा दोरा एवढाच तिचा व्यवहार. बर्फाच्या खिडकीशेजारी भिंतीवर सहा फुटी काळा फळा आहे आणि गेली बावीस वर्षं तो चंद्रकांता लिहिते. खडू आधी पाण्यात बुडवते, म्हणजे वाळल्यावर अक्षर पक्कं बसतं. शिक्षण नववी. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, आणि मी तारापूरच्या वसाहतीत सत्तावीस वर्षं ग्रंथालयाची कार्डं लिहिलेली आहेत.

फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात भरती-ओहोटीच्या वेळा, बर्फाचा भाव, मासेमारी बंदीच्या तारखा. लोक थांबतात ते खालच्या अर्ध्यासाठी. तिथे गाव असतं. कुणाची बोट विकली, कुणाचं ऑपरेशन झालं, कोणत्या दोन भावांनी भिंत घातली आणि कुणाच्या बाजूला किती फूट गेली. एकदा आळीतली एक मुलगी बोईसरच्या मुलाबरोबर गेली, तेव्हा चंद्रकांताने लिहिलं होतं, ‘लग्न नोंदवून झाले. मुलगी सुखरूप. घरच्यांना विचारू नये.’ आणि कुणी विचारलं नाही. स्वतःचा नवरा गेला त्या सकाळी तिने लिहिलं, ‘कमलाकांत (माझे यजमान) पाच वाजता वारले. अंत्यविधी अकरा वाजता. बर्फ बारानंतर मिळेल.’ बर्फ बारा वाजून दहा मिनिटांनी मिळाला.

तिचा हिशेब साधा होता. लोक जे विचारणारच आहेत ते आपणच लिहून टाकायचं, मग कुजबुजायला काही उरत नाही. आमच्याकडे फळ्यावर चढलं ते खरं आणि फळ्यावर नाही ती अफवा, अशी वाटणी झालेली होती. मी तिला अनेकदा सांगितलं की हे अती आहे. तिचं म्हणणं, ज्याला फळा आवडत नाय त्याने बर्फ पालघरहून आणावा.

सोसायटीचा एक नियम मात्र तिचा नव्हता, सोसायटीचाच होता. गोल शिक्क्याचा कागद आला की त्याच दिवशी फळ्यावर, एक शब्द न गाळता. वादळाचा इशारा, बंदीचा हुकूम, खात्याचं पत्र, काहीही. तिच्याआधी फळा लिहिणाऱ्या कारकुनाने एकदा इशाऱ्यातली शेवटची ओळ जागा पुरेना म्हणून सोडली होती. त्या ओळीत तारीख होती. दोन बोटी गेल्या. परत आल्या हे नशीब, पण कारकुनाचा खडू गेला तो गेलाच, आणि तो चंद्रकांताच्या हातात आला.

हेतल ही तिची एकुलती मुलगी. बोईसरला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तिथेच तिला भाग्येश भेटला. तो नगरकडचा, शिफ्टचा सुपरवायझर, अबोल आणि वक्तशीर. लग्न आठ वर्षं टिकलं. का मोडलं ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत असायची गरज नाही. हेतल सहा वर्षांच्या प्रियदर्शिनीला घेऊन माहेरी आली, आणि भाग्येशने पालघरच्या कोर्टात मुलीचा ताबा मागितला. पोर कुणाकडे राहणार, एवढाच प्रश्न होता आणि बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ होतं. अंतिम निकालापर्यंत पोर आईकडे, शनिवारी वडिलांकडे, असं कोर्टाने तात्पुरतं ठरवून दिलं. देवाणघेवाण उमरोळी स्टेशनच्या बाकावर, कारण उमरोळी पालघर आणि बोईसरच्या मध्ये येतं आणि तिथे दोघांचंही कुणी ओळखीचं नाही.

एका शनिवारी पोरीला ताप होता. हेतलने फोन केला, पण भाग्येश शिफ्टमध्ये होता, त्याचा फोन लॉकरमध्ये होता आणि निघताना घाईत तिथेच राहिला. तो उमरोळीच्या बाकावर दोन तास बसला आणि मग रिक्षा करून थेट माहीमला आला. चंद्रकांता दारात आडवी उभी राहिली. ती म्हणाली, पोर झोपलीय. तो म्हणाला, मला बघू दे. ती म्हणाली, तापाचं पोर उठवायचं नसतं. आवाज चढले आणि कुणीतरी फोनवर चित्रण केलं. संध्याकाळपर्यंत ते विपुलकडे पोचलं.

विपुल बोईसरचा. फोनवर चालणारं एक बातमीपत्र चालवतो. कारखान्यातली आग, रस्त्यावरचे खड्डे, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं देतो. त्याने मथळा दिला, ‘आजीने नातीला डांबले, बापाचा दारात टाहो.’ कायद्याची बूज राखून त्याने कुणाचंही नाव दिलं नव्हतं आणि पोरीचा जुना फोटो वापरून चेहरा धूसर केला होता. चित्रणात निळं दार, दारावर टांगलेली बोटीची नंबरपाटी आणि चंद्रकांताचा आवाज, ही तिन्ही स्वच्छ होती.

मी त्याला फोन केला आणि जे बोलायचं ते बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, मागच्या तारखेला मी कोर्टात गेलो होतो,” तो म्हणाला. “शिपायाने दारातनंच परत लावलं. घरगुती केस, बाहेरच्याला प्रवेश नाय. आत बसवलं असतं तर आतलं लिहिलं असतं. टपरीवर बसलो तर टपरीवरचं लिहिलं.”

मला त्याचा राग आला, आणि तो चुकीचं बोलत नव्हता याचा जास्त.

गावात दोन दिवसांत हेतलने पोर पळवली आहे, मग कोर्टाने तिला पकडायला सांगितलंय, मग पोलीस येऊन गेले, इथपर्यंत गोष्ट वाढली. फळ्यावर मात्र काही नव्हतं. हेतलच्या वकीलबाईंनी तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं. आणि फळ्यावर नाही म्हणजे फळेवालीलाच लपवायचं आहे, असा लोकांनी अर्थ काढला. बर्फाच्या रांगेत ठमी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काय गो चंद्रकांता, माझ्या दिराची भिंत चढवलीस तवा खडू होता. आता संपला काय?”

चंद्रकांताने तिला बर्फ तोलून दिला.

पुढच्या मंगळवारी वकीलबाईंकडून कोर्टाच्या त्या तात्पुरत्या आदेशाची शिक्क्याची प्रत आली. शाळेत दाखवायला लागणार म्हणून हेतलने मागवली होती. हेतल कामावर होती. पाकीट चंद्रकांताने फोडलं. आदेश मराठीत होता, हे दुर्दैव. इंग्रजीत असता तर ती वाचून घ्यायला माझ्याकडे आली असती आणि मी थांबवलं असतं. तिने तो दोनदा वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मुलीचा ताबा आईकडे राहील. आणि खाली, सहीच्या बाजूला, जांभळा गोल शिक्का होता.

तिने फळा धुतला, खडू बुडवला आणि पूर्ण आदेश उतरवला. भरती-ओहोटीलासुद्धा जागा उरली नाही. अर्जदाराचं नाव, जाबदाराचं नाव, कु. प्रियदर्शिनी, वय सहा वर्षे, आणि मग परिच्छेद एकापासून सात. पाचव्या परिच्छेदात लिहिलं होतं की आईवडिलांच्या वादामुळे मुलीचं झोपेत अंथरूण ओलं होतं, तसे डॉक्टरांचे कागद आहेत, सबब तिला सध्या एका घरातून दुसऱ्या घरात हलवणं योग्य नाही. न्यायाधीशांनी ते पोरीच्या भल्यासाठी लिहिलं होतं. चंद्रकांताने ते बर्फाच्या खिडकीशेजारी, लांबून वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं.

बुधवारी सकाळी सातला बायका बर्फाला आल्या. साडेदहाला शाळा भरली. अकराला प्रियदर्शिनी दप्तर घेऊन घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तीन दिवस ती शाळेत गेली नाही. रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिने आजीला एवढंच विचारलं, “तू ते पुसलंस, पण सगळ्यांनी वाचलंय ना?”

हेतल आईवर ओरडली नाही. ओरडली असती तर चंद्रकांताला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “आये, वय पण लिहिलंस,” आणि पोरीजवळ जाऊन बसली.

मी चंद्रकांताला कायदा सांगितला. हिंदू विवाह कायदा, एकोणीसशे पंचावन्न, कलम बावीस. असे खटले बंद दाराआड चालतात आणि त्यातलं काही छापायचं, पसरवायचं नाही. दंड हजार रुपयांपर्यंत. पंचावन्न सालापासून आकडा बदललेला नाही, त्यामुळे कुणाला त्याची भीतीही वाटत नाही.

“मग शिक्का कशाला मारतात?”

“प्रत खरी आहे हे कळावं म्हणून.”

“खरी हाय तर लपवायची कशाला?”

“कारण ती सहा वर्षांची आहे.”

चंद्रकांताने उठून फळा, जो तिने आधीच पुसला होता, तो साबण लावून पुन्हा धुतला.

पुसून उपयोग नव्हता. फळ्याचा फोटो गुरुवारपर्यंत भाग्येशच्या वकिलांकडे पोचला होता, आणि त्यांचा अर्ज कोर्टात पडला: ज्या घरात मुलीच्या खाजगी गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या जातात त्या घरात ती सुरक्षित नाही, ताबा ताबडतोब वडिलांकडे द्यावा. अर्ज मी वाचला. भाषा भडक होती, पण मुद्दा खोटा नव्हता. वकीलबाई म्हणाल्या, हे अवघड आहे. सुनावणी पुढच्या बुधवारी.

शुक्रवारी सकाळी फळ्यावर भरती-ओहोटीच्या खाली हे होतं:

‘मंगळवारी लिहिले ते माझे चुकले. मी स्वतः बारा वर्षांची होईपर्यंत अंथरूण ओले करत होते. कोणाला काही विचारायचे असेल तर मला विचारावे. चंद्रकांता. बर्फ नेहमीच्या भावात.’

ठमी पहिली आली. तिने वाचलं. कमरेवर हात ठेवून बराच वेळ फळ्याकडे बघितलं. मग खिडकीतून खडू मागून घेतला आणि खाली लिहिलं, ‘ठमी, आठ.’ चंद्रकांता आतून म्हणाली, “बुडव तो आधी, नायतर पुसतो.” ठमीने खडू बुडवून पुन्हा गिरवलं. रांगेतल्या जमनाला लिहिता येत नाही, तिचं ठमीनेच लिहिलं. मग सोसायटीचे चेअरमन प्रफुल्ल आले. फळा सोसायटीची मालमत्ता आहे, त्यावर हे असलं चालणार नाही, असं सांगायला आले होते आणि तसं ते बोललेही. मग ‘प्रफुल्ल, नऊ’ लिहून त्यांनी विचारलं, पुढे चेअरमन लिहू का. चंद्रकांता म्हणाली, गरज नाय.

पाचवं नाव माझं. आकडा एकदा लिहिला तेवढा पुरे.

दुपारपर्यंत अकरा नावं झाली. एकाने ‘एकवीस’ लिहिलं, त्याला थट्टा करतोस म्हणून सगळ्यांनी पुसायला लावलं. जमनाच्या मते तो थट्टा करत नव्हता.

संध्याकाळी चंद्रकांता नातीला घेऊन आली. पोर नुकती वाचायला शिकली होती, एकेक अक्षर लावून तिने सगळी यादी वाचली. प्रफुल्लच्या नावापाशी थांबून विचारलं, “मिशीवाले काका पण?” आजीने हो म्हटलं. पोर म्हणाली, “ते तर बोट चालवतात.” सोमवारी ती शाळेत गेली.

वकीलबाईंनी मात्र डोक्याला हात लावला. कारण एव्हाना या यादीचा दुसरा फोटोही भाग्येशच्या वकिलांकडे गेला होता.

बुधवारी कोर्टात दार बंद झालं. आत दोन्ही बाजू, दोन वकील, चंद्रकांता, आणि मी, कारण दुसऱ्या फोटोत माझं नाव होतं आणि भाग्येशच्या वकिलांनी मलाही जबाबदार धरलं होतं. न्यायाधीश बाई चाळिशीच्या, आवाज सपाट, चष्मा टेबलावर. त्यांनी दुसरा फोटो उचलला आणि तारीख-वेळेसारखा वाचला. ठमी, आठ. जमना, दहा. प्रफुल्ल, नऊ.

“हे प्रफुल्ल कोण?”

“आमच्या सोसायटीचे चेअरमन,” चंद्रकांता म्हणाली.

“ही माहिती त्यांच्याकडून कुणी घेतली?”

“त्यांनीच दिली. मी मागितली नव्हती.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “आणि आपण?”

“मी पदवीधर आहे,” मी म्हणाले.

मग त्यांनी चंद्रकांताला विचारलं, पहिल्या फोटोबद्दल काय सांगायचंय. वकीलबाईंनी तिला चार दिवस पढवलं होतं. शिक्क्याचा नियम सांग, अजाणतेपणी झालं म्हण, त्यावर निभावेल. नियम खराच होता. ती उभी राहिली आणि म्हणाली:

“शिक्क्यावर ढकलत नाय, मॅडम. शिक्का नसता तरी मी लिहिलं असतं. लोक माझ्या मुलीला पोर पळवणारी म्हणत होते, ते मला बंद करायचं होतं. पाचवं कलम मी वाचलं, दोनदा वाचलं. माझ्या डोळ्याला तो मजकूर दिसला, पोर दिसली नाय.” वकीलबाईंनी डोळे मिटले. “आता त्यासाठी कुणाला घराबाहेर काढायचं असंल तर मला काढा. मी भावाकडं राहीन. घर हेतलचं. पोरीला हलवू नका, ती आताशी शाळेत जायला लागलीय.”

तेव्हा भाग्येश उठला. त्याच्या वकिलांनी बाही ओढली, तरी उठला. तीन वाक्यं बोलला. ती त्याच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल होती, आणि इतक्या वर्षांत ती हेतलनेही ऐकलेली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती मी इथे लिहिणार नाही. दार बंद होतं म्हणून तो ती बोलला. बाहेरच्या बाकावरचा विपुल फोन उघडून आत बसला असता, तर तो ती बोलला नसता, आणि मग पुढचं काहीच झालं नसतं. चौथं वाक्य मात्र प्रश्न होता, तेवढं सांगते.

त्याने चंद्रकांताला विचारलं, “आणि तुम्ही तिला मारत नाही ना, त्याच्यासाठी?”

“चादर बदलते,” ती म्हणाली. “आणि झोपते.”

भाग्येशने वकिलांना अर्ज मागे घ्यायला आणि ताब्याचा सगळा वादच संमतीने मिटवायला सांगितलं. वकील म्हणाले, विचार करा. तो म्हणाला, केला. न्यायाधीश बाईंनी तिथेच आदेश सांगितला. पोर आईकडे, कायमची. शनिवार पूर्वीसारखाच वडिलांचा, पण आता रविवारही. आजी आहे त्याच घरात राहील, हे त्यांनी वेगळं लिहायला लावलं. या प्रकरणातलं काहीही कुठेही, कागदावर, फोनवर वा फळ्यावर, प्रसिद्ध होणार नाही, आणि विपुलची बातमी काढून टाकायची. फळा हा शब्द त्यांनी टंकलेखकाला दोनदा सांगितला.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना विचारलं की नावगाव काही न देता, कुणी कुणाला पळवलेलं नाही, एवढ्या दोन ओळी कोर्टाने दारावर लावायला काय हरकत आहे. त्या म्हणाल्या, तशी पद्धत नाही. पद्धत नाही म्हणूनच विपुल आहे, असं मी म्हटलं. त्यांना पुढची तारीख होती, त्या निघून गेल्या.

विपुल उठून पुढे आला. “काकी, काय झालं आत?”

“तुला सांगितलं तर मला हजार रुपये दंड,” चंद्रकांता म्हणाली. “तू भरतोस?”

तो हसला. आदेशाप्रमाणे त्याने बातमी काढली आणि ‘ती बातमी अखेर हटवली’ अशी नवी बातमी दिली, त्याच फोटोसकट. मला पुन्हा फोन करावा लागला.

दुसऱ्या दिवशी बर्फाची रांग नेहमीपेक्षा लांब होती. बर्फ तेवढा कुणालाच नको होता. फळ्यावर भरती, ओहोटी, भाव. शेवटी ठमीनेच विचारलं, “मग? पोर कुणाकडं?”

“सांगणार नाय.”

“तुझ्या घरचं म्हणून?”

“हो,” चंद्रकांता म्हणाली. “माझ्या घरचं म्हणून.”

असं उत्तर तिने बावीस वर्षांत कुणाला देऊ दिलं नव्हतं. त्याची किंमत तिला कळत होती. आठवड्याभरात तिघं जण येऊन सांगून गेले, आमचंही लिहू नकोस. तिने मान्य केलं. मग आणखी आले. आता ती आधी विचारते, आणि विचारलं की बहुतेक लोक नाही म्हणतात. खालचा अर्धा भाग बहुधा रिकामा असतो. फळ्यात आता राम राहिला नाही, असं गाव म्हणतं, आणि कुजबुज पूर्वीपेक्षा वाढली आहे. सध्या हेतल आणि भाग्येश परत एकत्र राहणार अशी आवई आहे. ती खोटी आहे. चंद्रकांता ती खोडत नाही, ऐकते आणि बर्फ तोलते. तिला ते फार जड जातं, मी खिडकीतून बघते ना.

या सगळ्याला आता वर्ष होऊन गेलं. मध्ये एका शनिवारी उमरोळीच्या बाकावर भाग्येशने हेतलच्या हातात एक पिशवी दिली. आत नवी रबरी चादर होती. तशीच एक त्याने बोईसरच्या खोलीसाठी घेतली होती.

हे लिहायचं मनात आलं तेव्हा मी चंद्रकांताला विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारता, जिचं आहे तिला विचारा. माझ्या ओळखीच्या वकिलांनी गोष्ट म्हणून लिहा, नावं बदला, एवढा सल्ला दिला होता. तो घेऊन मी त्या पोरीसमोर बसले. वय साडेसात. पायरीवर बसून ती बोंबलाची डोकी मांजरीला घालत होती. मी सगळं सांगितलं, काय लिहिणार, कुठपर्यंत लिहिणार. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं की नाव कोणतं लावणार. मी म्हटलं, तू सांग. तिच्या वर्गात एक प्रियदर्शिनी आहे, ती पहिली येते. तेच हवं म्हणाली.

“लिही,” ती म्हणाली. “पण आता होत नाय, ते पण लिही.”

लिहिलं.